टाटा इस्टेट, १९९५ : गंज, पत्रा आणि सव्वा लाखाचा खर्च

१४ जानेवारी २०२४

गाडी आज घरी आली. टाटा इस्टेट, म्हणजे टाटाची जुनी स्टेशन वॅगन, १९९५चं मॉडेल, एमएच-३१ पासिंग, गडद निळा रंग. नागपुरात अंबाझरी लेआउटमधल्या एका निवृत्त काकांकडून ३२ हजारांना घेतली. टोइंगचे २,५०० वेगळे.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्तीत शिरली, तेव्हा ही गाडी काकांच्या पोर्चमध्ये उभी होती. काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. पाणी सीटच्या गादीपर्यंत चढलं आणि उतरताना आत बोटभर गाळ ठेवून गेलं. गाडीला गंज आधीपासून होताच, पुराने तो दुप्पट केला. त्यानंतर काकांनी दारं उघडून वाळवली एवढंच. इंजिनाला कोणी हात लावला नाही, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात चांगली बातमी होती. पाणी शिरलेल्या इंजिनाला घाईने सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात.

काका म्हणाले, "कबाडी येऊन गेला रे. तू चालवणार असशील तरच देतो."

चालवणार आहे. काटोलजवळ आमची संत्र्याची थोडी बाग आहे. आंबिया बहराच्या हंगामात दर आठवड्याला संत्र्याचे कॅरेट (क्रेट) आणावे लागतात, आणि आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगी असे पाच जण सोबत असतो. पाच माणसं आणि मागे खरोखरचं सामान, हे काम अशीच गाडी करते. नवीन एसयूव्ही घेण्याची ऐपत नाही आणि तशी इच्छाही नाही.

२१ जानेवारी

दिवसभर गाडीखाली होतो. हातात छोटी हातोडी, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च. हातोडी हलकी मारत जायची. चांगला पत्रा टणकन बोलतो, गंजलेला भद्द वाजतो. जिथे भद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबायचा, आणि आत गेला की खडूने गोल करायचा.

आधी चासी, कारण तीच गेली असती तर गाडी आजच कबाड्याकडे गेली असती. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) ही गाडी १९९२ साली बाजारात आणली. त्याच्या आदल्या वर्षी सिएरा आली होती, आणि दोन्हींचा पाया टाटाच्या पिकअपचा. म्हणजे खाली शिडीसारखी भक्कम चासी, तिच्यावर रबरी गुटक्यांवर बसवलेली बॉडी. चासीवर पापुद्रे सुटलेत, पण मूळ पत्रा जाड असल्याने आतलं लोखंड शाबूत आहे. फक्त डाव्या मागच्या चाकाजवळ, लीफ स्प्रिंगच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी, एका ठिकाणी हातोडीचा आवाज बदलला. तिथे तळहाताएवढा तुकडा लावावा लागेल.

बॉडीची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या सिल आतून खलास. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर मॅट उचलली की जमीन दिसते. स्टेपनीचा खड्डा म्हणजे चाळणी. मागच्या मोठ्या काचेच्या रबराखाली रंग फुगलाय, म्हणजे तिथूनही पाणी वर्षानुवर्षं आत जात असणार. मागचा दरवाजा खालच्या कडेने कुरतडलाय.

चासी नंबरावर मात्र आजच काम केलं. नंबर चासीवर ठोकलेला असतो. त्यावरची माती मऊ ब्रशने काढली, कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला, वर ग्रीस लावून टेप मारली. आरटीओत नंबर वाचता आला नाही तर बाकीच्या कामाला काडीची किंमत नाही. गंज काढणाऱ्या कोणीही ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी एवढं करावंच.

२६ जानेवारी

सुट्टी. हिशेब मांडला. गाडीची किंमत सोडून १ लाख २० हजार. त्याच्या वर गेलं तर मुलीच्या क्लासच्या पैशांना हात लागेल, आणि तो लावायचा नाही.

क्रम ठरवला: चासी, फ्लोअर, सिल, ब्रेक, टायर, इंजिन, मग बॉडीचा बाहेरचा पत्रा, आणि रंग सगळ्यात शेवटी. पैसा खालून वर जाईल. अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. बाहेरून आरशासारख्या, आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आणि फायबरची चिंधी भरलेली, आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगलेल्या. रंगावर ५० हजार घालवून मग ब्रेकसाठी पैसे नाहीत म्हणणाऱ्याला मी गाडी देणार नाही.

नोंदणीचं नूतनीकरण जुलै २०२५पर्यंत आहे. पंधरा वर्षं झालेल्या कारचं ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि एप्रिल २०२२पासून त्याची फी ६०० वरून थेट ५,००० झाली. ते पैसे पुढच्या वर्षीच्या खात्यात धरले. दिल्लीत इतक्या जुन्या डिझेल गाडीला रस्त्यावर बंदी आहे. नागपुरात ती नाही, म्हणून तर हा उद्योग शक्य आहे.

४ फेब्रुवारी

सीट, कार्पेट, दारांचे आतले पुठ्ठे, सगळं बाहेर. कार्पेटखालचा जाड नमदा पुरानंतर वाळलाच नव्हता. हाताने पिळला तर पाणी निघालं! चार महिने ओला नमदा पत्र्यावर पडून होता. वरून कार्पेट कोरडं दिसत असल्याने काकांना कळायला मार्गच नव्हता.

सिलच्या पोटात पाइप घालून पाणी सोडलं. आधी काहीच बाहेर येईना, कारण तळाची पाणी निघायची भोकं गाळाने बुजली होती. तारेने ती मोकळी केली तेव्हा काळी माती, गंजाचे खवले, कडुलिंबाचा पाचोळा असं सगळं ओघळत आलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन्ही बाजू धुतल्या. दारांच्या तळाशीही हीच भोकं असतात. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून दारात उतरतंच, ते या भोकांतून जावं अशी रचना असते. ती बुजली की दार आतून सडतं. तुमची गाडी नवी असली तरी वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, ही भोकं तारेने मोकळी करा. फुकटचं काम आहे.

११ फेब्रुवारी

काल अवकाळी पाऊस आला, गारांसकट. ताडपत्री दोन ठिकाणी फाटली.

आज सगळी ऑइलं काढली. इंजिनचं ऑइल काळंच निघालं, पाण्याचा अंश नाही. गिअरबॉक्सही ठीक. डिफरन्शियलमधून (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) मात्र दुधाळ चहाच्या रंगाचं काहीतरी आलं. डिफरन्शियलला वर श्वास घ्यायला छोटी नळी असते, पुराच्या पाण्यात ती बुडाली असणार. डिझेल टाकून चाकं हाताने फिरवली, काढलं, पुन्हा टाकलं, आणि मग नवीन ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं. दाते चांगले आहेत, गंज बसायच्या आत वाचले.

ऑइलं आणि फिल्टर मिळून ६,८००. ही गाडी वाचवता येते याचं मोठं कारण तिच्यात संगणक नाही हे आहे. इंजिन ४८३, म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर. टाटाच्या जुन्या इंजिनांचे आकडे असेच वाचायचे. १९४८ सीसी, मेकॅनिकल पंप, टर्बो नाही. हेच इंजिन सुरुवातीच्या सुमोत होतं, त्यामुळे नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनमधल्या कोणत्याही जुन्या दुकानात पार्ट मिळतो. त्याच पुरात बुडालेल्या नव्या गाड्यांचे कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे खर्च ऐकले तर यातलं सुख कळतं.

२५ फेब्रुवारी

लहान भागांचा गंज काढायचं काम. बिजागऱ्या, सीटचे रूळ, बॅटरीचा ट्रे, बंपरचे ब्रॅकेट, बॉडीचे वॉशर.

मी हिंगण्याला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे विजेच्या पद्धतीची भीती नव्हती. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, लिटरमागे एक चमचा धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या चार्जरची वजा बाजू गंजलेल्या भागाला, अधिक बाजू भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. चार्जर चालू केला की भागावरून बारीक बुडबुडे उठतात आणि गंज काळा चिखल होऊन सुटतो. रात्रभर ठेवून सकाळी नळाखाली ब्रश मारला की खाली करडं स्वच्छ लोखंड. भागाचा आकार न बदलता गंज निघतो, ग्राइंडरने तसं होत नाही.

तीन गोष्टी सांभाळायच्या. पट्टी स्टेनलेसची कधीच वापरू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. आणि बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून पिंप उघड्यावर, ठिणगी आणि बिडीपासून लांब. स्प्रिंगसारखं कडक पोलाद यात टाकायचं नाही, हायड्रोजनने ते ठिसूळ होतं.

सीटच्या सांगाड्यांवर मात्र हिरडा वापरून पाहिला. ते पिंपात मावत नव्हते आणि त्यांचा गंज वरवरचा होता. इतवारीच्या किराणा ओळीतून पाव किलो हिरडा आणला, कुटला, उकळला, गाळला. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी त्याचा संयोग झाला की निळसर काळा थर बनतो. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी शाई करत ती याच कारणाने. सुटा गंज ब्रशने झाडला आणि हिरड्याचा काढा गरमच लावला. तांबूस लोखंड माझ्या डोळ्यांदेखत जांभळं, मग काळं होत गेलं. दुसरा हात वाळल्यावर बोट फिरवलं तर बोटाला काही लागलं नाही. वर रंग लावावाच लागतो, आणि जाड पापुद्र्याच्या गंजावर हा उपाय चालत नाही. पण बाजारात ज्या बाटलीचे शेकड्यांनी पैसे घेतात तिच्यातलं काम बरंचसं हेच आहे, आणि हिरडा आपल्या मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलातला.

१० मार्च

डेंटिंगचे मिस्त्री आले. मानेवाड्याच्या बाजूला त्यांचं छोटं दुकान आहे, पण गाडी चालत नाही म्हणून सीओटू वेल्डिंगचं मशीन घेऊन इथेच काम करतील. मजुरी २८ हजार ठरली. पत्रा, गॅस, डिस्क, वायर यांचे ९ हजार धरले.

त्यांनी सिलवरून हात फिरवला आणि विचारलं, "भाऊ, वरून पट्टी मारून लांबी भरून देऊ का? अर्ध्या पैशात होते. दोन-तीन वर्ष काही दिसत नाही."

"नाही मिस्त्री. तुम्ही कापाच."

"मग पूर्ण कापा लागन. अर्धवट कापून काही फायदा नाही."

"पूर्ण कापा."

ते खूश झाले असं मला वाटलं. नीट काम करायची परवानगी गिऱ्हाइकाकडून क्वचित मिळत असावी.

कापायच्या आधी त्यांनी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे अँगल टाके मारून बसवले. सिल काढली की बॉडी मधून खचते आणि मग नवीन सिल लावल्यावर दारं बसत नाहीत. अँगल बसल्यावर प्रत्येक दाराची फट मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवली. मग बाहेरची सिल कापली. आतला मधला पत्रा हाताने तुटून आला, कागदासारखा. मिस्त्री चकचकीत धातू लागेपर्यंत कापत राहिले. जिथे मला पुरे वाटलं तिथून दोन बोटं आणखी पुढे गेले, कारण गंज रंगाखाली दिसतो त्याच्या पुढे पोचलेला असतो.

१७ मार्च

आज वेल्डिंग, आणि आजचा दिवस मला सविस्तर लिहायचाय.

फ्लोअरला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, सिलच्या बाहेरच्या भागाला २० गेज. पत्रा इतवारीच्या लोहा ओळीतून आणला. सिलची वळणं देण्यासाठी मिस्त्रींनी गेटचा जुना जाड पाइप जमिनीवर ठेवला, पत्रा त्यावर टाकला आणि लाकडी हातोड्याने ठोकत गेले. मध्येच उचलून गाडीला लावून बघायचे, पुन्हा खाली, पुन्हा चार ठोके. मोजपट्टी त्यांनी फारशी वापरलीच नाही. तासाभरात पत्र्याला असं वळण आलं की जुन्या कडेवर अंगठा फिरवला तरी उंचवटा लागत नव्हता.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, डिझेलची टाकी तर आधीच खाली उतरवलेली. जोडायच्या कडांना आतून झिंक प्रायमर लावला. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे नंतर ब्रश पोचत नाही, आणि पुढच्या वेळचा गंज तिथूनच सुरू होतो.

पातळ पत्र्यावर मिस्त्री सलग रेघ कधीच ओढत नाहीत. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा मध्ये. प्रत्येक टाक्यानंतर थांबायचं. मी ओलं फडकं घेऊन तयार होतो, त्यांनी हात धरला. "पाणी नको. आपोआप थंड होऊ द्या. घाईत थंड केलं तर पत्रा ओढते." ते टाके हळूहळू एकमेकांना मिळत गेले आणि संध्याकाळपर्यंत रेघ पूर्ण झाली. पत्रा कुठेच लाटेसारखा झाला नाही. स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी चासीचा तुकडा त्यांनी चासीएवढ्याच जाडीचा लावला आणि त्याचे कोपरे गोल ठेवले, कारण चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

अँगल काढल्यावर ड्रायव्हरचं दार बोटाने ढकललं. बसलं. भिंतीवरचे खडूचे आकडे आणि फटी जुळल्या. मला अतिशय आनंद झाला, एवढंच लिहितो.

३१ मार्च

धुळवडीमुळे मधले दिवस गेले. बॉडी आणि चासीमधले रबरी गुटके बदलले. जुने दगडासारखे कडक झाले होते. पिकअपचे बसले. स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या दरवाजाची खालची कड पूर्ण.

९ एप्रिल

गुढीपाडवा. गुढी उभारून, श्रीखंड-पुरी खाऊन गाडीपाशी.

टाकी धुऊन बसवली, नॉझल चेक करून आणले, हीटर प्लग नवे. टाकी आणि नॉझलचे ७,५००, बॅटरीचे ६,०००. सेल्फ आणि डायनमो खोलून साफ केले, ब्रश चांगले निघाले. चारही हीटर प्लग काढूनच आधी इंजिन हाताने फिरवून पाहिलं होतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी असलं तर भोकातून बाहेर येईल. आलं नाही.

डिझेल फिल्टरवरच्या हातपंपाने लाइनमधली हवा काढली. हाताला पंप कडक लागेपर्यंत दाबत राहायचं. मग चावी. तीनदा घरघरली, पांढरा धूर सोडला आणि लागली. एका सिलिंडरचा ठोका थोडा वेळ वेगळा येत होता, गरम झाल्यावर बसला. बाबा अंगणात येऊन उभे राहिले. "टेल्कोचंच इंजिन आहे, आवाजावरून सांगतो," म्हणाले. त्यांनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. त्यांच्या तोंडून आलं ते मला सर्टिफिकेटच्या जागी.

१९ एप्रिल

नागपूरचं मतदान. सकाळी सातला रांगेत उभं राहून मत दिलं, दिवस ब्रेकवर घालवला.

ब्रेक ऑइलचे बारीक लोखंडी पाइप (बंडी पाइप) चासीच्या क्लिपखाली सगळीकडे खाल्लेले होते. बाहेरून बरा दिसणारा पाइप क्लिप काढल्यावर बोटाने तुटला. सगळे नवे केले, तोंडं फ्लेअर करून. पुढचे डिस्क ठीक, पॅड नवे. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर जाम होते, ते बदलले. मास्टर सिलिंडरला किट टाकलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुन्या बाटलीतलं उरलेलं वापरलं नाही. एकूण ११,५००. यात कुठेही काटकसर केली नाही आणि करूही नये.

५ मे

चासी आणि बॉडीचा खालचा भाग. ग्राइंडरला तारेचा कप लावून सुटे पापुद्रे काढले, फॉस्फोरिक ॲसिडवालं रिमूव्हर लावलं, पुसून वाळवलं, वर इपॉक्सी प्रायमर.

रेड ऑक्साइड एक चतुर्थांश किमतीत मिळतो आणि गेटला तो ठीकच आहे. पण त्याचा थर पाणी पूर्ण अडवत नाही. इपॉक्सी दोन डब्यांचा असतो, हार्डनर मिसळल्यावर कडक होतो आणि ओल आत जाऊ देत नाही. लांबीसुद्धा उघड्या पत्र्यावर न भरता इपॉक्सीवर भरायची, कारण लांबी स्वतः ओल धरते आणि ती पत्र्यापर्यंत पोचवते. बहुतेक दुकानांत उलट क्रम चालतो, काम लवकर सुटतं म्हणून. दोन वर्षांनी फुगे येतात ते तिथेच.

आमचा कोरडा उन्हाळा या कामाला वरदान आहे. हवेत ओल नावाला नाही. कोकणातल्या माणसाला असा मे महिना मिळत नाही.

१८ मे

रंग. पूर्ण गाडीचा खर्च परवडत नव्हता, म्हणून कमरेच्या घडीखालचाच भाग रंगवला. पत्र्याला तिथे घडी असल्याने जुना आणि नवा रंग त्या रेषेवर मिळतो, डोळ्याला फरक कळत नाही. वरच्या जुन्या निळ्याला फक्त कटिंग पॉलिश. रंग तोच निळा ठेवला. बदलला असता तर आरसीवर नोंद करावी लागली असती.

पेंटर पहाटे साडेपाचला आले. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, अशा पत्र्यावर रंगाचा वरचा थर आधी सुकतो आणि खालचा थिनर बाहेर येताना बारीक भोकं पाडतो. म्हणून पहाट, सावकाश उडणारा थिनर आणि धूळ बसावी म्हणून अंगणात सडा. आठपर्यंत दुसरा कोट झाला.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं इजा करू शकतं. पेंटर तोंडाला रुमाल बांधून उभे होते. कारखान्यातून ओळखीने कार्ट्रिजवाला मास्क आणला होता, तो घातल्याशिवाय गन हातात घेऊ दिली नाही. जाताना मास्क त्यांनाच दिला. प्रायमर, रंग, मजुरी मिळून १६,५००.

३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दाखवले आणि घरोघरी तीच चर्चा. नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष सांगितला. तरी ४५ अंशांच्या आसपास होतंच. दुपारी काम बंद.

सकाळी कागदपत्रं. थर्ड पार्टी विमा: इंजिन १५०० सीसीच्या वर म्हणून ७,८९७ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ९,३१८ झाले. चार टायर १९,२००. जुन्या टायरची नक्षी चांगली होती, पण बाजूला भेगा होत्या, त्यामुळे ते ठेवायचा प्रश्नच नव्हता. पीयूसीत धूर ६५ युनिटच्या मर्यादेच्या बराच खाली आला.

मानेवाडा रिंग रोडला गाडी पहिल्यांदा नेली. ब्रेक सरळ लागतात. तिसऱ्या गिअरमध्ये थोडा आवाज आहे.

९ जून

सिलच्या पोटात, दारांत, चासीच्या पोकळीत पातळ मेण फवारलं. लांब नळीला टोकाशी भोकं पाडून आत सरकवायची आणि ओढत बाहेर आणायची, म्हणजे सगळ्या भिंतींना लागतं. उन्हाने मेण पातळ होऊन सांध्यांत स्वतः उतरतं. तळाच्या भोकांतून थेंब पडायला लागले की पोचलं समजायचं, आणि मग भोकं पुन्हा तारेने मोकळी करायची.

मागच्या काचेचं रबर या गाडीचं कुठेच मिळालं नाही. मोमिनपुऱ्यात एका रबरवाल्याकडे जुना तुकडा नेला, त्याने त्याच मापाची मीटरवरची पट्टी दिली. दारांच्या रबरासह ३,९००.

२३ जून

पहिला दमदार पाऊस. गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली आणि टॉर्च घेऊन आत बसलो, मुलगी मागच्या भागात. फ्लोअर कोरडा, सिलजवळ कोरडं, काचेचं नवं रबर कोरडं. पंधरा मिनिटांनी तिने हाक मारली, "बाबा, इथून येऊन राहिलं." मागच्या दरवाजाच्या डाव्या बिजागरीच्या बोल्टमधून थेंब उतरत होता आणि छताच्या अस्तरामागून खाली जात होता. म्हणजे स्टेपनीचा खड्डा इतकी वर्षं इथूनच भरत होता. काचेवर उगाच संशय घेतला जात होता.

पाऊस थांबल्यावर बोल्ट काढला, बुटाइलची चिकट पट्टी बिजागरीखाली लावली, बोल्ट पुन्हा आवळला. पाइपने पाणी मारून पाहिलं. बंद.

खर्च १,२४,९१८. डिस्क, ब्रश, ताडपत्री, सोडा, हिरडा अशा किरकोळीत ४,७०० गेले ते यातच. बजेटच्या वर गेलेले पाच हजार मी बोनसमधून घालतो, क्लासच्या पैशाला हात लागलेला नाही.

राहिलेलं: तिसऱ्या गिअरचा आवाज, लीफ स्प्रिंगचे बुश, छताचं अस्तर, एसीचा कॉम्प्रेसर. एसी या वर्षी नाही. बुश मात्र ऑक्टोबरात आंबियाची तोडणी सुरू व्हायच्या आत, कारण मागे कॅरेट भरले की सगळं वजन त्यांच्यावरच येणार. मिस्त्रींना दसऱ्याच्या आधीची तारीख मागितली आहे.